चालायला सांगितलंय, पण रस्ता कुठे जातो?

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना आम्ही डॉक्टर चालायला सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. भरभर चालणे त्यात धरले जाते. पण ही मिनिटे भरणार की नाही, हे तुमच्या निश्चयाइतकेच घराबाहेरच्या रस्त्यांवरही ठरते.

पुण्याच्या सदाशिव किंवा शनिवार पेठेत बोळातून बोळ निघतो. किराणा, देऊळ, दवाखाना सगळे पायी उरकते. गर्दी आणि धूर पाहता पेठा म्हणजे आरोग्यधाम, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण एक गल्ली अडली तर दुसरीने जाता येते.

शहर पुढे वाढले ते वेगळ्या पद्धतीने. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. अशा भागांत शेताचा एकेक तुकडा विकला जातो, त्यावर संकुल उभे राहते, भोवती भिंत आणि मुख्य रस्त्यावर उघडणारे एकच फाटक. शेजारच्या संकुलातले औषधांचे दुकान गॅलरीतून दिसते. तिथे पोहोचायला मात्र वाहनांच्या रस्त्याने मोठा वळसा. मग पाच मिनिटांच्या कामालाही स्कूटर निघते. सत्तरीच्या आजी तर बाहेर पडणेच सोडतात.

हे एकट्या पुण्याचे दुखणे नाही. जगभरातील रस्त्यांच्या जाळ्यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की १९७५ पासून अनेक देशांत नवे रस्ते एकमेकांना कमी जोडलेले बांधले गेले. अमेरिकेत मात्र १९९० च्या दशकानंतर हा कल उलटू लागला. म्हणजे औषध आहे. (जोडलेल्या रस्त्यांच्या वस्तीत लोक जास्त चालतात, पण चालण्याची आवड असणारेही अशीच वस्ती निवडतात. सगळे श्रेय रस्त्याला देऊ नये.)

तोपर्यंत काय करायचे? दोन्ही जेवणांनंतर संकुलाच्या आतच दहा-पंधरा मिनिटे चाला. जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते. चालताना छातीत दुखले किंवा दम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. सोसायटीच्या सभेत मागचे छोटे फाटक सकाळ-संध्याकाळ उघडे ठेवण्याचा विषय मांडा. सुरक्षेची हरकत येईलच, तेव्हा त्या वेळेपुरता रखवालदार तिथे बसवण्याचे सुचवा. आणि तुमच्या भागाच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की पायवाटांबद्दलची सूचना मुदतीत लेखी द्या.