एक घोट आणि आडवी बाटली

गेल्या नाताळात माझी भाची मुंबईहून भिवंडीला आली ती एक बाटली घेऊन. “मावशी, ही बिअर फक्त डिसेंबरात मिळते. चाखून तरी बघ!” पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना काढला होता, त्यामुळे कायद्याची भीती नव्हती. भीती होती ती मंडळातल्या मैत्रिणींची. ज्या हातांनी ‘आडवी बाटली’चे फलक रंगवले, त्याच हातात पेला!

घोट घेतला. काळपट, दाट, संत्र्याच्या सालीचा वास, दालचिनी-लवंगेची चव. आपल्या काढ्याची आठवण यावी अशी, मागून कडू. वाईट नव्हती. पेला मात्र अर्धाच राहिला.

पुढच्या बैठकीत मी हे सांगून टाकलं. एकीने विचारलं, “मग आता दारूच्या दुकानाविरुद्ध कोणत्या तोंडानं बोलायचं?” प्रश्न रास्त आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

युरोपात अनेक शतकं बिअर घरोघरी बाईच गाळत असे. नॉर्वेच्या जुन्या कायद्यात तर नाताळसाठी बिअर करणं शेतकरी घरांना बंधनकारक होतं. पुढे त्यात पैसा आला, परवाने आले, धंदेवाल्यांचे संघ आले आणि बाई हळूहळू बाहेर फेकली गेली. आपल्याला हे नवीन नाही. भिवंडीत माग पुरुषाच्या नावावर असतो आणि घरी बसून नगावर कांड्या भरायला बाई असते.

म्हणजे बाटलीला बाईचा हात लागला की संस्कृती बुडते, हे खोटं आहे. आपण दुकानाविरुद्ध उभ्या राहिलो त्या संस्कृतीसाठी नाही. बारा तासांची पाळी करून मिळालेली मजुरी घरी पोचण्याआधीच संपते, आणि घरी पोचतो तो मार, म्हणून उभ्या राहिलो. भाचीला चव घ्यायला वेळ आहे, स्वतःचा पगार आहे, रात्री निर्धास्त झोपायला जागा आहे. इथल्या चाळीतल्या बाईकडे यातलं काय आहे?

दारू हवी की नको हे बाईने ठरवावं, एवढंच आपलं म्हणणं. तिने घोट घेणं हा जसा तिचा निर्णय, तसंच दुकान बंद करायला लावणं हाही तिचाच. दोन्हींमध्ये मला विरोध दिसत नाही.

पण ठरवू कोण देतं? 2008 च्या सरकारी आदेशाने बायकांना मतदानाने दुकान बंद करण्याची वाट दिली. त्यात अट अशी होती : मतदान करणाऱ्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. भिवंडीसारख्या गावात ही अट किती अवघड! उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कितीतरी बायकांची नावं यादीत गावाकडे, आणि संसार इथे. ज्या दुकानाचा जाच त्या रोज सोसतात, त्याबद्दल त्यांना मतच नाही. आणि ज्यांची नावं यादीत आहेत पण ज्या इथे राहत नाहीत, त्यांची गैरहजेरी दुकानदाराच्या पारड्यात पडते.

उलट 24, 25 आणि 31 डिसेंबरला बार पहाटे पाचपर्यंत उघडे ठेवायला परवानगी मिळत आली आहे. त्यासाठी कुणा वस्तीतल्या बाईला विचारल्याचं आम्हाला आठवत नाही. बारची वेळ वाढते. मग त्याच रात्री मार खाऊन आलेल्या बाईसाठी पोलीस ठाण्यात महिला पोलीस पहाटेपर्यंत हजर का नसावी? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातला संरक्षण अधिकारी त्या रात्री कुठे भेटेल, हे दुकानाच्या दारावर का लिहिलेलं नसावं?

येत्या डिसेंबरच्या आधी प्रत्येक गटाने या दोन मागण्या ठाण्यावर आणि उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी द्याव्यात. तिसरी मागणी सरकारकडे : जी बाई वस्तीत राहते, ती भाड्याने राहत असली तरी तिचं मत मोजा.

आणि एखादीने नाताळात घोट घेतला, तर तिला बैठकीतून उठवू नका. तिलाही अर्जावर सही करायला सांगा.