गोधडीतलं चित्र

आमच्या शाळेच्या सभागृहात संस्थापकांचं तैलचित्र होतं. कॅनव्हासवरचं, चार फूट बाय तीन फूट, शाळेतल्याच चित्रकलेच्या सरांनी काढलेलं. सुवर्णमहोत्सवात ते तालुक्याच्या गावी प्रदर्शनाला न्यायचं ठरलं. मी स्वतः गोधडीत गुंडाळलं, सुतळीनं आवळलं आणि रिकाम्या टेम्पोत उभं केलं. उतरवलं तेव्हा खांद्यावरच्या रंगाच्या खपल्या गोधडीत पडलेल्या! "रंगच हलका असणार," म्हणून आम्ही मोकळे झालो. सर काही बोलले नाहीत.

परवा नातवानं मोबाइलवर फायफॉक्स दाखवलं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं हे अ‍ॅप २०१६ पासून फुकट मिळतं. फोनमधल्या प्रवेगमापकावरून गाडी किती जोरात आणि सेकंदाला किती वेळा थरथरते, त्याचा आलेख निघतो. तो बघताना मला तो टेम्पो आठवला.

ताणलेला कॅनव्हास म्हणजे ढोलकीचं पानच. त्याची स्वतःची एक थरथर असते. चित्र मोठं तशी ती संथ. गाडीचे हेलकावे तिच्याशी जुळले की झोपाळ्याला वेळेवर झोका मिळावा तसा कॅनव्हास फुगत जातो. जुना तैलरंग कडक झालेला असतो, त्याला ते वाकणं सोसत नाही. म्हणजे रंग हलका नव्हता. मास्तर अडाणी होते.

ऑटाव्याच्या कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटनं पॅडकॅड नावाचं सॉफ्टवेअर केलं आहे. वस्तूचं वजन, ती किती उंचीवरून पडू शकते आणि किती धक्का सोसेल, हे सांगितलं की फोम किती जाड आणि किती क्षेत्रफळाचा लावायचा ते कळतं. गंमत म्हणजे हलकं खोकं जास्त उंचीवरून पडेल असं धरतात, कारण हलकं खोकं माणसं फेकतात! आणि जितकं मऊ तितकं चांगलं, हा आपला गोधडीचा हिशोब इथे साफ चुकतो. फार मऊ फोम वजनानं तळाला टेकतो, आणि फोमवर वस्तू स्वतःही डोलते. ते डोलणं कॅनव्हासच्या थरथरीशी जुळलं तर संपलंच.

तुम्ही म्हणाल, हे रविवर्म्याच्या चित्रांसाठी ठीक, शाळेच्या चित्राला कशाला? मला उलट वाटतं. मोठ्या संग्रहालयांकडे जाणकार माणसं असतात, आमच्याकडे शिपाई आणि टेम्पोवाला. गणिताची गरज आम्हालाच जास्त. अर्थात सॉफ्टवेअर सगळं करत नाही. धक्का किती सोसेल तो आकडा माणसानंच ठरवायचा. आणि चौकटीच्या मागे ताठ पुठ्ठा घट्ट बसवला की आत अडकलेली हवा कॅनव्हासचं फुगणं बरंच दाबते, त्याला संगणक लागत नाही. असो.

आता संस्थेत चित्र काढून तिथे फ्लेक्स लावायचं घाटतंय. मी पत्र दिलंय, की चित्र दुरुस्तीला पुण्याला पाठवा, पण आधी त्याच टेम्पोतून नुसता फोन पाठवून आलेख बघू. उत्तर आलेलं नाही. पुठ्ठा मात्र मी आणून ठेवला आहे.