एडी कशासाठी गेला

माझ्या फोनला कळलंय की मला मोठ्या लाटा बघायला आवडतात. चूक माझीच. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून हवाईतल्या वाइमेआ बेचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, आणि तेव्हापासून रोज एक तरी लाट येतेच. चार मजली पाण्याची भिंत, तिच्यावरून घसरणारा टाचणीएवढा माणूस, छाती धडधडवणारं संगीत, आणि वर ठळक अक्षरांत तेच तीन शब्द : 'एडी वुड गो'. एडी गेला असता.

सर्फिंगच्या जगात इतकं घासलेलं दुसरं वाक्य नसेल. ते टी-शर्टवर आहे, गाड्यांच्या बंपरवर आहे, ज्यांनी आयुष्यात गुडघ्याच्या वर पाणी पाहिलेलं नाही अशांच्या स्टेटसवरही आहे. त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलाय : घाबरतोस काय, घाल उडी. हा अर्थ अपुरा आहे असं मी म्हणत नाही. तो उलटा आहे असं म्हणतेय. आणि ज्या स्पर्धेमुळे हे वाक्य जगभर पोचलं, तिचे लक्षात राहिलेले प्रसंग नीट पाहिले तरी ते कळतं.

आधी माणूस. एडी आयकाऊ हा मूळ हवाईयन. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्याला नॉर्थ शोअर म्हणतात. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये वादळं उठली की त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून इथे येऊन फुटतात. १९६८ साली होनोलुलूच्या प्रशासनाने या किनाऱ्यावर पहिल्यांदा लाइफगार्ड नेमले, त्यांतला एक एडी. वाइमेआ बे त्याच्याकडे. त्याने पाचशेहून जास्त लोकांना पाण्यातून बाहेर काढलं असं सांगतात, आणि त्याच्या पहाऱ्यात तिथे एकही माणूस बुडाला नाही. तेव्हा जेट-स्की वगैरे काही नव्हतं. दोन हात, फिन्स आणि बोर्ड. सर्फर म्हणूनही तो थोर होता, १९७७ साली ड्यूक कहानामोकू स्पर्धा त्याने जिंकली. पण त्याचा रोजचा धंदा होता आगाऊपणा करून पाण्यात शिरलेल्या माणसांना परत आणण्याचा. म्हणजे आज ज्यांच्या छातीवर त्याचं नाव छापलेलं असतं, साधारण त्यांनाच.

मार्च १९७८. होकुलेआ ही जुन्या पॉलिनेशियन पद्धतीने बांधलेली दुहेरी होडी होनोलुलूहून ताहितीला निघाली. आधुनिक उपकरणांशिवाय, तारे आणि लाटा वाचत समुद्र ओलांडायचा, पूर्वजांची विद्या खरी होती हे दाखवायचं, असा तो प्रवास. १६ जण होते, त्यांत एडी. त्याच रात्री मोलोकाईजवळच्या खवळलेल्या समुद्रात होडी उलटली. रात्रभर माणसं उलट्या होडीला धरून राहिली. सकाळी एडी आपला बोर्ड घेऊन मदत आणायला लानाई बेटाच्या दिशेने निघाला. त्या संध्याकाळी एका विमानातून होडी दिसली आणि बाकीचे वाचले. एडी कधीच सापडला नाही. तो ३१ वर्षांचा होता.

मराठीत 'गेला' या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि एडीच्या बाबतीत दोन्ही खरे आहेत. इंग्रजी स्टिकरला ही सोय नाही, म्हणून तिथे फक्त शौर्य उरतं. वाक्य मराठीत म्हणून पाहा. 'एडी गेला असता.' लगेच काळजात काहीतरी हलतं.

आता स्पर्धा. १९८४-८५च्या हंगामात ती पहिल्यांदा झाली, सनसेट बीचवर. पुढच्या हंगामापासून वाइमेआला. २१ फेब्रुवारी १९८६ला लाटा अक्राळविक्राळ होत्या आणि आयोजकांचं ठरत नव्हतं, स्पर्धा घ्यावी की नको. तेव्हा मार्क फू नावाचा सर्फर म्हणाला, एडी गेला असता. झालं, स्पर्धा झाली. वाक्याचा जन्म तो हाच, असं मानतात. त्या दिवशी जिंकला एडीचा धाकटा भाऊ क्लाइड. क्लाइड नंतर सांगायचा की पाण्यात त्याच्या शेजारी दोन कासवं वर आली, त्यांतलं एक एडी आहे असं त्याला वाटलं, आणि तो त्यांच्या मागे लांब आत गेला, जिथे मोठी लाट येणार होती. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला एवढंच दिसतं की 'चला' म्हणणारा फू दुसरा आला, आणि जो जिंकला तो भाऊ गेला त्याच समुद्रात कासवांकडे बघत बसला होता. क्लिपा मात्र फूच्या वाक्याच्या निघतात.

या स्पर्धेचा नियम असा : हवाईयन मापाने लाट किमान २० फूट हवी. हवाईत लाट मागच्या बाजूने मोजायची जुनी सवय आहे, त्यामुळे समोरून ती दुप्पट, म्हणजे ४० फुटांच्या आसपास भरते. हंगामात असा एखादा दिवस सापडला, आणि तो दिवसभर टिकेल असं वाटलं, तरच स्पर्धा. नाही तर नाही. जॉर्ज डाउनिंग नावाचे जुने सर्फर कितीतरी वर्षं हा निर्णय घेत. बे दिवस ठरवेल, हे त्यांचं सूत्र. हिशोब बघा : १९८५ ते २०२४ या चाळीस वर्षांत स्पर्धा झाली ११ वेळा. १९९० नंतर थेट १९९९. २००९ नंतर थेट २०१६. त्यानंतर २०२३, आणि यातली काही वर्षं लाटेने नव्हे, प्रायोजक आणि परवान्यांच्या भांडणाने खाल्ली, हेही कबूल करायला हवं.

"जी स्पर्धा होतच नाही ती कसली स्पर्धा?" माझा एक मित्र विचारतो. तो आयपीएलवाला. आपल्याकडे पाऊस पडला तरी डकवर्थ-लुईस लावून निकाल काढतातच, जाहिरातदार थांबलेले असतात. सर्फिंगलाही हा रोग लागलाय. कॅलिफोर्नियात लेमूर गावाजवळ, समुद्रापासून लांब, शेतजमिनीच्या मधोमध केली स्लेटरने लाटांचा कारखाना काढला. बटण दाबलं की लाट, हव्या त्या उंचीची, वेळापत्रकानुसार. २०१८पासून जागतिक मालिकेच्या फेऱ्याही तिथे झाल्या. गंमत म्हणजे हाच स्लेटर २००२ची एडी जिंकलेला आहे. ज्याने समुद्राची वाट पाहिली, त्यानेच वाट पाहायची गरज संपवणारं यंत्र बांधलं.

मला विचाराल तर या स्पर्धेचे सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखे दोन दिवस ती न झाल्याचे आहेत.

पहिला २८ जानेवारी १९९८. लाटा हव्यात म्हणून वर्षानुवर्षं थांबलेल्या लोकांसमोर त्या दिवशी लाटा आल्या, आणि इतक्या आल्या की उत्तर किनारा बंद करावा लागला. स्पर्धा रद्द. सगळे जमलेले, बोर्ड मेण लावून तयार, आणि उत्तर आलं, नाही. आता त्या स्टिकरवाल्यांना माझा प्रश्न : एडी गेला असता? स्पर्धेसाठी, क्लिपसाठी? की तो टॉवरवरून उतरून लोकांना वाळूवरून मागे हाकलत फिरला असता? मला दुसरंच दिसतं.

दुसरा १० फेब्रुवारी २०१६. आदल्या दिवशी हिरवा कंदील मिळाला होता. रातोरात हजारो लोक येऊन बसले, रस्ते तुंबले, जगभरातून सर्फर विमानाने आले. सकाळी लाटा पुरेशा नव्हत्या. रद्द. लोकांनी टिंगल केली, आणि ते साहजिकच होतं. पण इतके लोक, इतका पैसा समोर उभा असताना 'आज नाही' म्हणायला जे लागतं, त्याला आपल्याकडे शब्दच नाही. भित्रेपणा म्हणून मोकळे होतो. दोन आठवड्यांनी, २५ फेब्रुवारीला, समुद्र खरोखर आला. तिथेच लहानाचा मोठा झालेला जॉन जॉन फ्लॉरेन्स जिंकला. ६६ वर्षांचा क्लाइड आयकाऊही त्या पाण्यात उतरला होता. ती स्पर्धा ब्रॉक लिटलला वाहिलेली होती, तो आदल्याच आठवड्यात कर्करोगाने गेला होता. १९९०च्या एडीत लिटल एका राक्षसी लाटेवरून असा आपटला की ती स्पर्धा लोकांना त्याच्या पडण्याने आठवते. जिंकलेला कियोनी डाउनिंग, जॉर्ज यांचाच मुलगा, मागे पडला.

मधल्या विजेत्यांबद्दल मी पानं भरणार नाही. २००४ साली ब्रूस आयर्न्स एक लाट थेट किनाऱ्यापर्यंत, जिथे ती वाळूवर आपटते तिथपर्यंत घेऊन आला, ते जरूर शोधून पाहा. डोळे दिपतात. पण मला जे म्हणायचंय ते त्यात नाही.

ते आहे २२ जानेवारी २०२३मध्ये. त्या दिवशी समुद्राने वाळू ओलांडली. एक लोट थेट प्रेक्षकांत घुसला, माणसं-सामान वाहत गेलं आणि लाइफगार्ड धावत सुटले. त्याच लाइफगार्डांपैकी एक ल्यूक शेपर्डसन. त्याची त्या दिवशी वाइमेआला ड्यूटी होती. सुट्टी घेतलेली नव्हती. आपली फेरी आली की तो टॉवरवरून उतरायचा, लाटा घ्यायचा, आणि परत ड्यूटीवर. फ्लॉरेन्सला मागे टाकून तो जिंकला.

त्याच दिवशी पहिल्यांदा या स्पर्धेत स्त्रिया पाण्यात उतरल्या, ४० निमंत्रितांत सहा. पहिली लाट पकडली अँड्रिया मोलरने. ती माउई बेटावर पॅरामेडिक आहे, म्हणजे रुग्णवाहिकेतून माणसं वाचवणारी. हा योगायोग असेल. पण ज्या धाडसाच्या नावाखाली जवळजवळ चार दशकं बायकांना किनाऱ्यावर उभं ठेवलं, ते धाडस नेमकं कोणाकडे असतं, हे त्या एका दिवसाने दाखवलं. पुरुषांच्या छात्यांचं माप घेणाऱ्या त्या स्टिकरवर याला जागा नाही.

कोणी म्हणेल, शब्दाचा अर्थ लोक आपापला लावतात, तुला का एवढं लागतंय? लागतं, कारण मी कोकणातली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद हा सरकारी नियम नंतरचा. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही ही रीत त्याच्या कितीतरी आधीची. समुद्रावर ज्यांचं पोट आहे ते वाट पाहतात. आणि त्याच पावसाळ्यात पुण्या-मुंबईहून आलेली, माझ्याच वयाची पोरं भरतीच्या वेळी खडकावर चढून रील काढतात. खालून एखादा कोळी ओरडत असतो, "अरे, या मागं!" ते हात हलवून त्यालाच व्हिडिओत घेतात. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी कोणी बुडलं नाही. ओरडणारे काका मात्र शेवटचा पोरगा खाली उतरेपर्यंत जेवायला गेले नाहीत.

शेपर्डसनची क्लिप माझ्या फोनवर अजून येते. लाट, आरडाओरडा, हार, खांद्यावर उचललेला माणूस, आणि वर ते तीन शब्द. तिथे कापलेली असते. त्याच्यापुढे तो माइकवर सांगतो की मला टॉवरवर परत जायला हवं, दिवस संपेपर्यंत सगळे नीट आहेत ना हे बघायचंय.