अळवावरचे पाणी आणि न मरणारे रसायन

आजोबांच्या पिढीने भात लावताना पाठीवर इरले घेतले. मी पावसाळ्यात घाट चढतो तो रंगीत जॅकेट घालून. त्यावर पडलेला थेंब अळवाच्या पानावरून ओघळावा तसा निसटतो. आपल्या भाषेत अळवावरचे पाणी म्हणजे क्षणभंगुरता. परंतु तो थेंब झटकून टाकणारे रसायन क्षणभंगुर नाही, हीच खरी अडचण आहे.

या रसायनांच्या कुळाला 'पीएफएएस' म्हणतात. कार्बन आणि फ्लोरिन यांची त्यांतली गाठ इतकी घट्ट, की ऊन, पाऊस, जिवाणू यांपैकी कोणालाही ती सहजी सुटत नाही. धुण्यातून आणि झिजेतून ती बाहेर पडतात आणि साचत जातात. ग्रीनपीसच्या पथकांना २०१५ मध्ये तीन खंडांतल्या दुर्गम डोंगरांवरच्या बर्फातही ती सापडली. त्यांतल्या 'पीएफओए'ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये माणसाला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातले.

पाश्चात्त्य देश आता जागे झाले आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून अशा नव्या कपड्यांच्या विक्रीवर बंदी आहे; मुसळधार पावसात वापरायच्या पोशाखांना मात्र २०२८ पर्यंत मुदत मिळाली. फ्रान्सची बंदी काही अपवाद वगळून २०२६ पासून लागू झाली. पर्यायही आहेत. मेण किंवा सिलिकॉनचा लेप पाणी अडवतो, तेल अडवत नाही, आणि तो अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. अग्निशामक दलाच्या जवानाला तेलाचीही भीती असते. गडावर जाणाऱ्याला फक्त पावसाची. तेवढ्यासाठी न मरणारे रसायन कशाला हवे?

पण बंदी जॅकेटावर आली म्हणून कारखाना मरत नाही. उत्तर इटलीत त्रिसिनो येथे मार्झोत्तो या कापड उद्योगाने १९६० च्या दशकात एक संशोधन केंद्र काढले. पुढे त्याचा 'मितेनी' हा कारखाना झाला. त्याच्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्यात ही रसायने उतरली. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला आणि २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. मधल्या काळात, २०१९ मध्ये, त्याची यंत्रसामग्री लिलावात निघाली. ती विकत घेतली महाराष्ट्रातल्या एका उद्योगसमूहाने, आणि ती येऊन पोहोचली रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामला.

इटलीत झाले तेच कोकणात झाले, असे मी म्हणत नाही. पण लोट्याचे सांडपाणी दाभोळच्या खाडीकडे जाते आणि त्या खाडीवर मासेमारांची घरे चालतात. स्टॉकहोम करारातल्या सात रसायनांना भारताने २०२० मध्ये मान्यता दिली, त्यांत 'पीएफओए' नव्हते.

म्हणून मागणी साधी आहे. विहिरी आणि खाडी यांचे पाणी या रसायनांसाठी नियमित तपासावे, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत आणि पिण्याच्या पाण्यात त्यांची कायदेशीर मर्यादा ठरावी. युरोपातल्या गिर्यारोहकाचे जॅकेट स्वच्छ झाले आणि कोकणातली विहीर नासली, तर त्याला निर्मूलन म्हणत नाहीत. त्याला स्थलांतर म्हणतात.