तक्रार ज्याच्याविरुद्ध, निवाडाही त्याच्याच हाती?

रोहित वेमुलाला जाऊन १७ जानेवारी २०२६ रोजी दहा वर्षे पूर्ण झाली. त्याच्या चारच दिवस आधी, १३ जानेवारीला, विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांमधील भेदभाव रोखण्यासाठी नवे समता विनियम प्रसिद्ध केले. देशभर एकच ओरड सुरू झाली. ज्यांना आजवर जातीच्या छळाविरुद्ध कधी रस्त्यावर यावेसे वाटले नव्हते, ते छळ रोखणाऱ्या नियमांविरुद्ध मात्र रस्त्यावर आले. २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने या विनियमांना स्थगिती दिली, त्यातील तरतुदी संदिग्ध आहेत आणि त्यांचा दुरुपयोग होऊ शकतो असे मत नोंदवले आणि तोवर २०१२ चे जुने नियम चालू राहतील असे सांगितले. सहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आलेले नियम सोळा दिवसांत थांबले.

हे नियम कुणाच्या कृपेने आले नव्हते, हे आपल्या वाचकांनी नीट लक्षात ठेवले पाहिजे. रोहितची आई राधिका वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांची आई आबेदा तडवी या दोन मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पोटची पोरे गमावलेल्या या मातांनी दुसऱ्यांची पोरे वाचावीत म्हणून न्यायालयाचा उंबरठा झिजवला. त्यांचे म्हणणे साधे होते : २०१२ चे नियम कागदावर आहेत, ते अंमलात आणा. ही याचिका पाच वर्षे जवळजवळ तशीच पडून राहिली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आयोगाकडे आकडेवारी मागितली, तेव्हा कुठे आयोगाला जाग आली आणि फेब्रुवारीत नव्या नियमांचा मसुदा बाहेर पडला.

त्या मसुद्याची गंमत पाहा. त्यात इतर मागासवर्गीयांना वगळले होते आणि खोटी तक्रार केल्यास शिक्षेची तरतूद मात्र आवर्जून घातली होती. म्हणजे विद्यार्थ्याला संरक्षण देण्याआधीच त्याला धमकी! त्यावर हरकती गेल्या आणि अंतिम नियमांत ओबीसींचा समावेश झाला, शिक्षेचे कलम गेले. बस्स, तेवढ्यावरूनच प्रस्थापितांचे पित्त खवळले. आम्हाला या व्याख्येत स्थान नाही, हा आमच्यावर अन्याय आहे, अशी हाकाटी सुरू झाली. अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीय यांच्याविरुद्धचा भेदभाव म्हणजे जातीय भेदभाव, ही व्याख्या यांना एकतर्फी वाटते. मग कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे, तो एकतर्फी नाही काय? ज्याला ठेच लागते त्यालाच मलमपट्टी करायची असते. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती कुणाच्या वाट्याला आली होती म्हणून? सवर्ण विद्यार्थ्याला त्रास झाला तर त्याच्यासाठी रॅगिंगविरोधी कायदा आहे, फौजदारी कायदा आहे, शिस्तपालन समिती आहे. त्याचा कोणताही दरवाजा या नियमांनी बंद केला नव्हता.

आता दुरुपयोगाचा मुद्दा घेऊ. आयोगाने स्वतःच दिलेले आकडे बोलके आहेत. २०१९-२० मध्ये जातीय भेदभावाच्या १७३ तक्रारी होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ३७८ झाल्या. पाच वर्षांत दुपटीहून अधिक वाढ. वर्तमानपत्रांनी याचीच बातमी केली. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. ७०४ विद्यापीठे आणि १,५५३ महाविद्यालये मिळून पाच वर्षांत एकूण तक्रारी किती? १,१६०. म्हणजे दोन संस्थांमागे पाच वर्षांत सरासरी एक तक्रार! दुरुपयोगाचा पूर येणार म्हणून जे घाबरले आहेत, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. ज्या देशात गावागावांत जात पाहून घर दिले जाते, त्या देशाच्या विद्यापीठांत भेदभाव इतका कमी असेल, यावर शेंबडे पोरही विश्वास ठेवणार नाही. आकडा लहान आहे तो छळ कमी म्हणून नव्हे. तक्रार करण्याची सोय नाही, आणि सोय असली तरी विश्वास नाही, म्हणून तो लहान आहे.

विश्वास का नाही, हे समजून घेण्यासाठी विद्यापीठाचा कारभार कसा चालतो ते पाहावे लागते. शाळेत शिक्षकाने मारले तर पोरगा घरी येऊन सांगतो. विद्यापीठात छडी नसते, तिथे अंतर्गत गुण असतात, तोंडी परीक्षा असते, प्रात्यक्षिक असते, पीएचडीचा मार्गदर्शक असतो. मार्गदर्शकाने सही केली नाही तर शिष्यवृत्ती थांबते, प्रबंध वर्षानुवर्षे पडून राहतो. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणात वरिष्ठांच्या हाती रात्रीची ड्युटी, शस्त्रक्रियागृहातील संधी, रुग्ण हाताळण्याची परवानगी असे सगळेच असते. अशा ठिकाणी जातीवरून उघड शिवी द्यायचीही गरज पडत नाही. नुसती संधी नाकारली, भेटीची वेळ दिली नाही, तोंडी परीक्षेत आडनाव विचारून हसले की काम झाले. याचा पुरावा विद्यार्थ्याने आणायचा कुठून?

आणि हे आम्हीच म्हणतो असे नाही. २००६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आरक्षणविरोधी आंदोलन पेटले, तेव्हा तेथील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या छळाच्या तक्रारींवरून डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मे २००७ मध्ये तिचा अहवाल आला. ६९ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नसल्याचे सांगितले. परीक्षेतील पक्षपात, वसतिगृहातील ठराविक मजल्यांवर एकवटून राहण्याची पाळी, खेळ आणि स्नेहसंमेलनातील बहिष्कार हे सारे त्या अहवालात नोंदले आहे. देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेत वेगळी वस्ती! गावकुसाबाहेरचा महारवाडा राजधानीतल्या वसतिगृहात उभा राहिला होता. त्या अहवालावर संस्थेने काय केले? तो पक्षपाती आहे म्हणून बाजूला सारला.

हीच पद्धत पुढे कायम राहिली. हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढले गेले, रोहितची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने मिळाली नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर चर्चा कशाची झाली? तो दलित होता की नव्हता याची! विद्यापीठाने काय केले हा प्रश्न बाजूला पडला आणि मेलेल्या पोराचे जातीचे प्रमाणपत्र तपासले गेले. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आयुष्य संपवले. तडवी भिल्ल समाजातील ही मुलगी जळगाव जिल्ह्यातून स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायला आली होती. मुलीला होणाऱ्या त्रासाबद्दल आपण आधीच दाद मागितली होती, असे तिची आई सांगत आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. संस्थेच्या स्वतःच्या चौकशी समितीने जातीय भेदभावाचा पुरावा नसल्याचे सांगून अभ्यासातील अपयशाकडे बोट दाखवले. त्याच संस्थेने काही महिन्यांनी विद्यार्थ्यांना सूचना दिली की, एकमेकांचा प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारू नका, त्यावरून जात कळते. भेदभाव नव्हताच, तर ही सूचना कशासाठी?

मुद्दा असा की, प्रत्येक वेळी चौकशी करणारी संस्था तीच, जिच्या अब्रूचा प्रश्न आहे. चोराच्याच हाती तिजोरीची किल्ली म्हणतात ती ही. आणि या दुखण्यावर स्थगित झालेल्या २०२६ च्या नियमांनीही औषध दिले नव्हते, हे आपण प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. त्यांत चांगले पुष्कळ होते. चोवीस तास हेल्पलाइन, तक्रार आल्यापासून चोवीस तासांत समितीची बैठक, पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल, न पाळणाऱ्या संस्थेची मान्यता आणि योजना काढून घेण्याचा अधिकार. समितीत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अपंग आणि स्त्रिया यांना प्रतिनिधित्व. पण या समितीचा अध्यक्ष कोण? संस्थेचाच प्रमुख! कुलगुरूविरुद्ध, संचालकाविरुद्ध, त्याच्या मर्जीतल्या विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार घेऊन पोरगा त्याच्याच दालनात जाणार काय? शिवाय भेदभावाचे जे प्रकार २०१२ च्या नियमांत एकेक करून दिले होते, वर्गात जातीचा उल्लेख करणे, राखीव जागेवरचा म्हणून हिणवणे, खानावळीत वेगळे बसवणे, गुणांत पक्षपात करणे, ते नव्या नियमांतून गळले होते. नियम संदिग्ध आहेत असे कुणी म्हटले तर त्यावर उपाय एकच : व्याख्या अधिक नेमकी करा. नियमच गुंडाळून ठेवणे हा उपाय नव्हे.

विद्यापीठांना हे जमत नाही असे नाही. १९९७ च्या विशाखा निकालानंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ मध्ये लैंगिक छळाविरुद्ध अशी समिती उभारली की तीत विद्यार्थी आणि शिक्षकांचे प्रतिनिधी निवडून यायचे. मुली तिच्याकडे तक्रारी घेऊन गेल्या, कारण तिच्यावर त्यांचा विश्वास होता. २०१७ मध्ये प्रशासनाने ती मोडली. पण लोकांनी निवडलेली समिती चालते, हे तिने सिद्ध करून दाखवले होते. आपल्या महाराष्ट्राचाच १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा पाहा. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे, आणि त्याने हयगय केली तर तो गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो. प्रमुखाला जबाबदार धरणारा कायदा रॅगिंगसाठी करता येतो, तर जातीच्या छळासाठी का करता येत नाही? अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद आहेच. पण त्या कलमाखाली एखाद्या कुलगुरूला कोर्टाची पायरी चढावी लागल्याचे आपण कधी ऐकले आहे काय?

बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाने प्राध्यापकांच्या माठातले पाणी पिऊ नये, असे काही सहकाऱ्यांना वाटले होते. पदवीने जात जात नाही, हे बाबासाहेबांना तेव्हाच कळले होते. म्हणूनच त्यांनी नुसते शिका म्हणून थांबणे पसंत केले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालये उभारली, जिथे आपल्या पोराला मान खाली घालून बसावे लागणार नाही. आज आपली मुले त्या चार भिंतींपलीकडे आयआयटीत, एम्समध्ये, केंद्रीय विद्यापीठांत पोचली आहेत. तिथे ती एकटी पडतात. प्राध्यापकांच्या राखीव जागा ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून रिकाम्या ठेवल्या जातात, आणि मग त्या मुलांना ज्याच्या खोलीत जाऊन मन मोकळे करावे असा आपला माणूसच उरत नाही. शिक्षकभरती आणि छळ हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. तक्रार समितीत बसायला आपला प्राध्यापक हवा असेल तर तो आधी विद्यापीठात असावा लागतो.

तेव्हा चळवळीने काय मागायचे हे स्पष्ट असले पाहिजे. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा, निवृत्त न्यायाधीश किंवा तत्सम व्यक्ती असावा. विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेले असावेत, नेमलेले नसावेत. चौकशी चालू असताना तक्रारदाराचे गुण, मार्गदर्शक आणि शिष्यवृत्ती यांना संरक्षण मिळावे, गरज पडल्यास मार्गदर्शक बदलून मिळावा. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक असावा आणि तिचे चित्रीकरण व्हावे. शिष्यवृत्ती रखडली म्हणून फी मागणे, कागदपत्रे अडवणे हाही छळच आहे, त्याचा उल्लेख नियमांत यावा. आणि हे सारे आयोगाच्या विनियमात न ठेवता संसदेच्या कायद्यात यावे. रोहितच्या नावाच्या कायद्याची मागणी विद्यार्थी २०१६ पासून करीत आहेत, ती आता सोडून चालणार नाही.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. न्यायालयाने २०१२ चे नियम चालू राहतील असे सांगितले होते, तर ते नियम तरी वापरू. त्यांत प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणे बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात तो अधिकारी कोण आहे, कक्षाच्या किती बैठका झाल्या, किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. आयोग म्हणतो ९० टक्के तक्रारी निकाली निघाल्या. निकाली म्हणजे न्याय मिळाला, की फाईल बंद झाली? हे विचारायला आमदार-खासदार लागत नाही. जयंती मंडळांनी, बुद्धविहारांच्या समित्यांनी, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपापल्या भागातली दोन-दोन महाविद्यालये वाटून घ्यावीत. नव्याने वसतिगृहात गेलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात भेटावे, तक्रार लेखी द्यायला आणि तिची पोच घ्यायला शिकवावे. मुलगा बाहेरगावी शिकायला गेला म्हणून पेढे वाटणारा समाज, तो तिथे कसा राहतो हेही विचारणारा झाला पाहिजे. राधिकाताई आणि आबेदाताई यांनी आपले कर्तव्य केले आहे. आता पाळी आपली आहे.