बिऱ्हाड कोणाच्या सोयीचे?

वाचकहो, बदलीचा हुकूम हाती पडला की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. नव्या शहरात जागा मिळेल का, हा पहिला. आणि तिचे भाडे परवडेल का, हा दुसरा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि पुढे वर्षभर जो मनस्ताप होतो तो बहुधा या न विचारलेल्या प्रश्नातूनच उद्भवतो. जागा घरातील कोणाच्या सोयीची असावी, हा तो प्रश्न होय. या वेळी त्याच्याविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. त्या मी कोणत्याही ग्रंथातून घेतलेल्या नाहीत. पदरची चूक मोडून विकत घेतलेल्या आहेत.

मी २०१६ साली नोकरीनिमित्त साताऱ्याहून दिल्लीला आलो. घरात पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांची आई. जागा पाहण्यासाठी मी आधी एकटाच आलो, तोही फेब्रुवारीतील एका रविवारी, सकाळी अकरा वाजता. दिल्लीचा फेब्रुवारी म्हणजे वर्षातला सर्वांत लाघवी महिना. ऊन कोवळे, बागा फुललेल्या, रस्ते सुट्टीमुळे मोकळे. शहराच्या सीमेपलीकडे, नोएडाच्या बाजूला, एक नवी वसाहत उभी राहत होती. चौदाव्या मजल्यावर तीन खोल्या, खाली हिरवळ, दोन उद्वाहने आणि दाराशी पहारेकरी. भाडे चौदा हजार. मध्य दिल्लीत तेवढ्यात एक खोलीही धड मिळाली नसती. दलाल म्हणाला, मेट्रो जवळच आहे. मी पत्नीला दूरध्वनीवरून आनंदाची वार्ता कळवली आणि त्याच दिवशी आगाऊ रक्कम देऊन मोकळा झालो.

जून महिन्यात आम्ही राहावयास आलो, आणि रविवार संपून सोमवार उजाडला. मेट्रोचे स्थानक सहा किलोमीटरवर होते. तेथवर आधी ई-रिक्षा, मग गाडी, मग पुन्हा पायपीट. कार्यालय गाठण्यास एक तास वीस मिनिटे लागत. वसाहतीत वाणी नव्हता, भाजीवाला नव्हता, दळणाची गिरणी तर दूरच राहिली. मुलीच्या शाळेचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊन गेले होते, कारण इकडील शाळा जूनची वाट पाहत नाहीत. मोठ्या मिनतवारीने प्रवेश मिळाला तो दूरच्या शाळेत.

पण हे सारे माझे हाल झाले. ते सांगण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. सांगावयाचे आहे ते आईविषयी. ऑगस्टमधील एका दुपारी पत्नी मुलीला आणावयास गेली असता आई कोथिंबिरीची जुडी आणण्यासाठी खाली उतरली. रस्ता ओलांडून पलीकडे हातगाडी उभी असलेली तिने सज्जातून पाहिली होती. जुडी घेऊन ती परतली, तो समोर अगदी एकसारख्या बारा इमारती. आपला मजला तिला ठाऊक होता. इमारतीचे अक्षर ठाऊक नव्हते. दूरध्वनी घरात राहिलेला. पहारेकरी हिंदीत इमारतीचे नाव विचारी, आणि आई मराठीत मुलाचे नाव सांगे. दीड तास ती फाटकापाशी एका खुर्चीवर बसून होती. पत्नीला ती दिसली तेव्हा हातातील कोथिंबीर पार सुकून गेली होती.

त्या दिवशी कोणाचेही काही चुकले नव्हते. पहारेकऱ्याने नियम पाळला, वर खुर्चीही दिली. आईने रात्री मला एवढेच म्हटले, "अरे, इथं दिवस मावळतच नाही रे." दिवाळी होताच ती साताऱ्याला परत गेली.

त्यानंतर एका संध्याकाळी मी कागद घेऊन एक साधा हिशेब मांडला. त्या घरात मी जागेपणी रोज चार तास असे. पत्नी दहा तास असे आणि आई सोळा तास. म्हणजे ज्याने घर निवडले त्याच्या वाट्याला ते सर्वांत कमी आले होते, आणि जिच्या वाट्याला ते सर्वांत अधिक आले तिला कोणी काही विचारलेही नव्हते. वाचकहो, आपल्याकडे बिऱ्हाड मिळवत्या माणसाच्या नोकरीकडे पाहून ठरते, पण ते नांदवतात घरी राहणारी माणसे. ही विसंगती ज्याच्या ध्यानात आली त्याचे अर्धे काम झालेच म्हणून समजावे.

उरलेले अर्धे काम कसे करावे, ते आता पाहू. जागा पाहावयास निघण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचा दिवस कागदावर लिहून काढावा. आजी सकाळी कोठे फिरावयास जाईल? दूध कोण आणील? मुलांना शाळेतून आणणारी व्यक्ती किती वाजता आणि कशाने जाईल? रात्री दहा वाजता औषध लागले तर ते कोठे मिळेल? हा कागद बरोबर घेऊन वसाहतीत जावे, आणि जावे ते कामाच्या दिवशी, निदान तीन वेळा: सकाळी साडेसातला, भर दुपारी दोनला आणि रात्री नऊनंतर. सकाळी रस्त्यावरील गर्दी कळते. दुपारी वसाहतीत माणसांचा वावर आहे की नुसती कुलपे आहेत ते कळते. रात्री दिवे लागतात की नाही, आणि स्थानकावरून घरी येणारी मुलगी निर्धास्त चालते की मान खाली घालून झपाझप निघून जाते, हेही कळते. शक्य असल्यास घरातील वडीलधाऱ्या माणसाला एकदा तरी बरोबर न्यावे. त्यांचे पाय जे सांगतील ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

माहिती विचारावी ती दलालाला नव्हे. दिल्लीच्या जुन्या वसाहतींत झाडाखाली टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करणारा असतो. त्याला प्रत्येक घराची आणि प्रत्येक पावसाळ्याची खबर असते. पाणी कोठे तुंबते, वीज केव्हा जाते, कोणता घरमालक अनामत रक्कम परत करताना खळखळ करतो, हे तो दोन वाक्यांत सांगतो. दूधकेंद्रावरही विचारावे. चालत जाण्याच्या अंतरावर मदर डेअरीचे केंद्र, औषधांचे दुकान आणि आठवडी बाजार असला की गृहिणीचे निम्मे ओझे हलके होते. इकडे हे बाजार वारांच्या नावाने ओळखले जातात. सोम बाजार, बुध बाजार असे ते ठरलेल्या वारी संध्याकाळी रस्त्याकडेला भरतात.

पाण्याचीही परीक्षा घ्यावी. नळाला येते ते नगराचे पाणी की कूपनलिकेचे, हे विचारावे आणि हातावर साबण चोळून पाहावा. फेस येण्यास वेळ लागला तर पाणी जड आहे असे समजावे. मग डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर चढतो आणि पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते. सखल भागाची चौकशी तर अवश्य करावी. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. त्याआधीचा उच्चांक १९७८ सालचा, २०७.४९ मीटरचा होता. पंचेचाळीस वर्षे जे घडले नाही ते पुढेही घडणार नाही, असा करार नदीने कोणाशी केलेला नसतो.

आता एक गोष्ट खास राजधानीच्या परिसराविषयी. येथे मेट्रोत बसून माणूस नकळत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. द्वारका आणि रोहिणी दिल्लीत, नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात, तर गुरुग्राम व फरिदाबाद हरियाणात. गाडीला ही सीमा जाणवत नाही, पण संसाराला जाणवते. गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ किंवा दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ यांसारख्या दिल्ली राज्याच्या संस्थांत बहुतेक अभ्यासक्रमांच्या ८५ टक्के जागा दिल्लीतील शाळेतून पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. ज्यांची मुले नववी-दहावीत आहेत त्यांनी भाड्यातील फरक मोजताना ही गोष्टही मोजावी. लहान मुलांच्या बाबतीत दिल्लीतील अनेक खासगी शाळा घरापासूनच्या अंतराला गुण देतात. तेव्हा आधी शाळा हेरावी आणि मग तिच्या आसपास घर शोधावे. आणि २०२० सालच्या टाळेबंदीत याच सीमा बंद झाल्या तेव्हा एका राज्यात घर व दुसऱ्या राज्यात नोकरी असलेल्यांची जी त्रेधा उडाली, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

स्वस्त भाड्याचा मोह मोठा असतो, हे मी नाकारीत नाही. म्हणून माझ्याच वहीतील आकडे सांगतो. जवळच्या वसाहतीत तसेच घर एकोणीस हजारांना मिळत होते. दूर राहून मी दरमहा पाच हजार वाचवीत होतो. त्यातून माझ्या जाण्यायेण्याचा जादा खर्च दोन हजार, मुलीच्या शाळेच्या गाडीचे बावीसशे आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे आठशे. बेरीज पाच हजार. शिल्लक शून्य. शिवाय रोजचे दोन तास चाळीस मिनिटे, महिन्याच्या बावीस दिवसांचे धरले तर सुमारे ५८ तास, म्हणजे जवळजवळ अडीच अहोरात्र मी प्रवासात घालवीत होतो. पत्नीला एका शाळेत शिक्षिकेची जागा चालून आली होती; ती अंतरापायी सोडावी लागली. ती रक्कम मी वहीत मांडलीच नाही.

घर विकत घेण्याचा विचार असेल तर निदान एक वर्ष त्याच भागात भाड्याने राहावे. वरच्या मजल्याचा जून, तळमजल्याचा ऑगस्ट आणि साऱ्या शहराचा धुरकट नोव्हेंबर अनुभवल्यावाचून येथील जागेचा स्वभाव समजत नाही. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा पुढे केला जातो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदलेलाच लागतो. त्या सवयीच्या माणसास हा फरक खटकतो. तरीही करार लेखी असावा, अनामत रकमेचा व दुरुस्तीचा उल्लेख त्यात असावा, आणि पोलिसांकडील भाडेकरू पडताळणी हा अपमान न समजता ती तत्परतेने करून घ्यावी.

कित्येक जण विचारतात, आपली मराठी माणसे जेथे आहेत तेथेच राहावे काय? दिल्लीत करोलबाग, पहाडगंज या जुन्या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. सणासुदीला तेथे जावे, मुलांना न्यावे. परंतु रोजच्या जगण्याला दहा मैलांवरच्या शंभर ओळखींपेक्षा जिन्यातील एक ओळख अधिक उपयोगी पडते, मग ती भाषा कोणतीही बोलो. ती जोडण्यासाठी माणसे एकमेकांसमोर येतील अशी जागा मात्र हवी: एक ओटा, एक बाक किंवा एक भाजीची गाडी.

आम्ही २०१७ साली मयूर विहारमधील जुन्या सरकारी बांधणीच्या सदनिकेत बिऱ्हाड हलवले. चार मजली इमारती, भिंतींचा रंग उडालेला, उद्वाहन नाही. म्हणून तळमजलाच घेतला. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि दोन खोल्यांत चार माणसांना अडचणही होते. निवडीपूर्वी मी आईला सातारहून बोलावून घेतले आणि बरोबर नेले. खोल्या तिने धड पाहिल्याही नाहीत. दाराबाहेरील बाकावर बसून तिने समोरच्या बंगाली आजींना हातानेच खूण करून विचारले, भाजी कोठे मिळते? त्या उठल्या आणि तिला घेऊन गेल्या. अर्ध्या तासाने आई परतली, तिच्या हातात कोथिंबिरीची हिरवीगार जुडी होती.

मी घरमालकाला होकार दिला.