डोळ्याचा पडदा थांबत नाही

"दुखत तर नाही, मग रविवारी दाखवू." आमच्या वस्तीतील गवंडीकाम करणारे एक बंधू असे म्हणत आठ दिवस थांबले. डोळ्यापुढे काळ्या माश्या उडतात, कडेला वीज चमकते, एवढीच त्यांची तक्रार होती. घरच्यांना वाटले मोतीबिंदू आहे, पिकू द्यावा. नवव्या दिवशी त्या डोळ्याने निम्मेच दिसू लागले, तेव्हा आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक घरात माहीत असावे, म्हणून आज येथे मांडतो.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. दिसते ते या पडद्यामुळे. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक, चिकट गर भरलेला असतो. वयाप्रमाणे तो आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण एखाद्या जागी गर घट्ट चिकटलेला असेल तर ओढ बसून पडदा फाटतो. मग त्या फटीतून पाणी पडद्याच्या मागे शिरते. भिंतीत ओल शिरली की चुन्याचा पोपडा सुटतो, तसा पडदा सुटू लागतो. सुटलेल्या भागाला मागून मिळणारे पोषण तुटते आणि तेथील पेशी मरू लागतात.

डोळा म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. बारापासून तीनपर्यंत, म्हणजे पाव वर्तुळ किंवा त्याहून जास्त फाटले, तर डॉक्टर त्याला महाकाय फाट म्हणतात. अशी फाट फार होत नाही, पण झाली तर पडद्याची कड घडी पडल्यासारखी उलटते आणि पडदा झपाट्याने सुटतो. जास्त उणे नंबरचा चष्मा असणारे, डोळ्याला जबर मार लागलेले आणि काही आनुवंशिक आजार असलेले यांना धोका अधिक. अशा घरातील लहान मुलांचेही डोळे तपासून घ्यावेत.

मुख्य गोष्ट अशी की पडद्याला वेदना कळत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नये. अचानक खूप ठिपके किंवा जाळी दिसणे, विजेसारखी चमक, कडेने काळी सावली सरकत येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. एकेक डोळा झाकून पाहावे. दोन्ही उघडे असले तर चांगला डोळा दुसऱ्याचा दोष लपवतो.

पडदा नुसता फाटला असून सुटला नसेल, तर लेसरने किंवा अतिशीत उपचाराने फाटीभोवती तो चिकटवता येतो. सुटला असेल तर शस्त्रक्रिया लागते. आतला गर काढतात, जड द्रवाने उलटलेली कड सपाट करतात, लेसर देतात आणि पडदा दाबून धरण्यासाठी वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. तेल बहुधा काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून काढतात. नंतर मान डॉक्टर सांगतील तशीच ठेवावी. वायू भरला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास करू नये. दुसरा डोळाही तपासून घ्यावा.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवून तेथील समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे.

आमच्या बंधूंचा पडदा बसला. पण बारीक पाहण्याचा मधला भाग आधीच सुटला होता. आता त्या डोळ्याने वाट दिसते, अक्षर दिसत नाही. ओळंबा धरताना सगळी भिस्त दुसऱ्या डोळ्यावर. आठ दिवसांची मजुरी त्यांनी वाचवली होती.

मोतीबिंदूसुद्धा आता पिकू द्यावा लागत नाही. पडदा तर एक दिवसही थांबत नाही. एक खाडा झाला तरी चालेल, डोळा त्याच दिवशी दाखवा.